न्यूयॉर्कच्या महापौराला नेमकं कशासाठी धरायचं?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले तेव्हा आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. मीरा नायरचा मुलगा म्हणून अर्ध्या लोकांना एकदम आपुलकी, आणि उरलेल्यांना काळजी, की हा आता बस फुकट करणार म्हणे, पोलीस कमी करणार म्हणे, शहराचं काय होणार. तेवढ्यात ठाण्याहून आत्याने विचारलं, "अरे पण महापौर म्हणजे फीत कापणारा माणूस ना? त्याच्या हातात एवढं असतं का?" मला वाटतं त्या सगळ्या गदारोळात कामाचा प्रश्न तेवढा एकच होता, आणि त्याचं उत्तर चार ओळींत देता येत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

आपल्या डोक्यात महापौर म्हणजे मुंबईचा महापौर. नगरसेवक निवडून देतात, मान मोठा असतो, पण सही चालते आयुक्तांची आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मुंबई पोलीस गृहखात्याचे, लोकल रेल्वेची म्हणजे दिल्लीची, त्यातल्या त्यात बेस्ट तेवढी पालिकेची. त्यामुळे लोकल बंद पडली तर कोणी महापौराच्या नावाने बोटं मोडत नाही, आणि चोऱ्या वाढल्या तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. न्यूयॉर्कचं तसं नाहीये. तिथे लोक महापौराला थेट मत देतात, चार वर्षांसाठी, त्याच्या हाताखालचं बजेट १०० अब्ज डॉलरच्या वर, शाळा त्याच्या, रस्ते त्याचे, कचरा त्याचा, आणि पोलीस तर पूर्णपणे त्याचे. पोलीस कमिशनर तो नेमतो, नको झाला तर तोच काढतो.

पण सबवे, म्हणजे तिथली भुयारी मेट्रो, त्याची नाही. इथेच सगळा घोळ होतो, कारण सामान्य माणसाला सबवे आणि शहर वेगळं वाटतच नाही. ट्रेन अर्धा तास बोगद्यात अडकली की तो शिव्या महापौरालाच घालतो. म्हणून महापौराने काय केलं काय नाही यावर भांडायचं असेल तर प्रत्येक मुद्द्याला आधी एकच गोष्ट बघायची, की ही दोरी नक्की कोणाच्या हातात होती. हे न बघता केलेलं कौतुकही फुकट आणि टीकाही फुकट.

उदाहरण म्हणून मी बिल डी ब्लासिओंची आठ वर्षं घेतो, २०१४ ते २०२१. ममदानींचं आत्ताशी कुठे सुरू झालंय, डी ब्लासिओंच्या आधीचे महापौर ब्लूमबर्ग यांच्याबद्दल लोकांची मतं ठरून गेलीत, पण डी ब्लासिओंबद्दल अजूनही दोन न्यूयॉर्कवाले एका टेबलावर बसले तर भांडण होतंच, आणि त्यांच्या काळात पोलीस आणि ट्रान्झिट (म्हणजे सबवे, बस वगैरे) दोन्हीकडे एवढं घडलंय की ही पद्धत नीट तपासून बघता येते.

पोलिसांपासून सुरू करू. डी ब्लासिओ निवडून आले त्यामागे सगळ्यात मोठा मुद्दा होता "स्टॉप अँड फ्रिस्क", म्हणजे रस्त्यात अडवून विचारपूस करायची आणि अंगावरून हात फिरवून झडती घ्यायची. कायद्याने पोलिसांना हे करता येतं, १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा दिली, पण अट अशी की समोरच्या माणसावर संशय घ्यायला काहीतरी ठोस कारण पाहिजे, नुसतं मनात आलं म्हणून नाही. ब्लूमबर्ग महापौर झाले त्या वर्षी, २००२ ला, अशा सुमारे ९७,००० नोंदी होत्या. २०११ मध्ये झाल्या ६,८५,७२४. एका वर्षात. त्यातल्या दहापैकी जवळपास नऊ जणांवर ना अटक झाली ना दंड, म्हणजे अडवलं, भिंतीला लावलं, खिसे चाचपले आणि जा म्हणाले. निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, त्याखालोखाल लॅटिनो. त्या वर्षी १४ ते २४ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांना अडवल्याच्या नोंदी शहरात राहणाऱ्या तशा मुलांच्या एकूण संख्येपेक्षा जास्त होत्या, म्हणजे सरासरीने प्रत्येकाला एकदा तरी अडवलंच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वरपासून वाचला, कारण विश्वासच बसेना. सतरा वर्षांचा मुलगा क्लासवरून घरी येतोय आणि वर्षातून तीन तीन वेळा पोलीस त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करतायत, त्याने पुढे आयुष्यात काहीतरी सांगायला स्वतःहून पोलिसाकडे जावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ऑगस्ट २०१३ मध्ये फेडरल जज शिरा शाइन्डलिन यांनी निकाल दिला की शहर ज्या पद्धतीने हे करतंय ते घटनेच्या विरोधात आहे. ब्लूमबर्ग यांनी अपील केलं. डी ब्लासिओ आले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी अपील मागे घ्यायचं जाहीर केलं, कोर्टाने नेमलेला देखरेख अधिकारी मान्य केला. ही दोरी शंभर टक्के त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती ओढली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

आता आकडे. डी ब्लासिओंचे समर्थक सांगतात की त्यांनी स्टॉप अँड फ्रिस्क बंद केलं. २०१४ मध्ये आकडा सुमारे ४६,००० वर आला आणि पुढे १०-१२ हजारांच्या आसपास स्थिरावला, हे खरंय. पण मधलं वर्ष बघा, २०१३, ब्लूमबर्ग यांचं शेवटचं. तेव्हाच तो १,९१,००० वर आलेला होता. म्हणजे ६,८५,००० वरून १,९१,००० पर्यंतची घसरण, जी आकड्यांत सगळ्यात मोठी आहे, ती डी ब्लासिओ यायच्या आधीच झाली, खटला चालू होता, लोक रस्त्यावर उतरत होते, नगर परिषद कायदे करत होती त्या दबावाखाली. शिवाय देखरेख अधिकाऱ्यांच्या अहवालांत पुढे असंही आलं की पोलीस काही झडत्यांची नोंदच करत नाहीत, त्यामुळे दहा हजार हा आकडाही पूर्ण धरता येत नाही. म्हणून म्हणायचं झालं तर असं म्हणा, की घसरण लोकांच्या आणि कोर्टाच्या दबावाने सुरू झाली आणि डी ब्लासिओंनी ती मागे फिरू दिली नाही. हे कमी नाहीये. पण "त्यांनी बंद केलं" हे वेगळं वाक्य आहे.

आणि विरोधक काय म्हणत होते? की झडत्या थांबवल्या तर शहर परत १९९० मध्ये जाईल, त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये २,२०० च्या वर खून झाले होते. प्रत्यक्षात काय झालं? २०११ मध्ये, झडत्या सर्वात जास्त असताना, ५१५ खून. २०१३ मध्ये ३३५. २०१७ मध्ये २९२, म्हणजे पन्नासच्या दशकानंतर शहराने एवढा कमी आकडा पाहिलाच नव्हता. झडत्या ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्या आणि खूनही कमी झाले. यातून झडत्या थांबवल्याने खून कमी झाले असं सिद्ध होत नाही, कृपा करून कोणी तसं लिहू नका. सिद्ध एवढंच होतं की लाखो पोरांना भिंतीला लावल्याशिवाय शहर चालणारच नाही हा दावा खोटा होता. ब्लूमबर्ग यांनी स्वतः २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायच्या तोंडावर, या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

गुन्ह्यांच्या आकड्याचं श्रेय कोणाला यात न्यूयॉर्कने आधीही एकदा गफलत केलीये. डेव्हिड डिंकिन्स महापौर असताना, १९९० च्या आसपास, खून सगळ्यात जास्त झाले. त्यांनीच कर लावून हजारो नवे पोलीस भरायची योजना आणली आणि आकडे त्यांच्याच काळात खाली यायला लागले, पण भरती व्हायला, ट्रेनिंग व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत १९९३ ची निवडणूक ते हरले आणि कौतुक मिळालं पुढचे महापौर जुलियानी यांना. डी ब्लासिओ तरुणपणी डिंकिन्स यांच्याच ऑफिसात कामाला होते, त्यामुळे हा धडा त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण जिथे दोरी त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ओढली नाही अशी गोष्टही आहे, आणि ती मला झडत्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त टोचते. १७ जुलै २०१४, स्टेटन आयलंड. एरिक गार्नर नावाच्या माणसाला सुट्या सिगरेटी विकतोय या संशयावरून पोलिसांनी धरलं, एका पोलिसाने मागून गळ्याला हात आवळला, तो श्वास घेता येत नाहीये असं ११ वेळा म्हणाला आणि गेला. सगळं व्हिडिओवर आहे. गळा आवळायला एनवायपीडीच्या, म्हणजे न्यूयॉर्क पोलीस खात्याच्या, स्वतःच्या नियमांत १९९३ पासून बंदी आहे. डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. मग फेडरल न्याय खात्याचा तपास चालू आहे म्हणून शहर थांबलं, आणि थांबलं म्हणजे किती, पाच वर्षं. त्या पोलिसाला कामावरून काढलं १९ ऑगस्ट २०१९ ला. त्याच्या तीन आठवडे आधी डेट्रॉइटमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट होती, डी ब्लासिओ स्वतः उमेदवार म्हणून मंचावर होते आणि प्रेक्षकांतून घोषणा आल्या की त्या पोलिसाला काढा. आता नियमाने बोलायचं तर शिक्षेचा अधिकार कमिशनरचा, महापौर थेट काढू शकत नाही. पण कमिशनर कोणाचा? महापौराचा. खात्याची स्वतःची चौकशी फेडरल तपासाची वाट न बघता आधी चालवता आली असती, तसा कायदेशीर अडथळा नव्हता. गार्नरच्या आईला पाच वर्षं दारोदार फिरायला लावलं याला माझ्या मते कुठलंच कारण पुरेसं नाही.

आणि गार्नरला धरलं ते कशासाठी हेही सोडून देऊ नका. सुट्या सिगरेटी. किरकोळ गोष्टींवर कडक राहिलं की मोठे गुन्हे होत नाहीत, खिडकीची एक काच फुटकी ठेवली की बाकीच्याही फुटतात, अशी एक विचारधारा आहे, "ब्रोकन विंडोज" म्हणतात तिला, आणि तिचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते बिल ब्रॅटन. झडत्या कमी करणार म्हणून निवडून आलेल्या डी ब्लासिओंनी पहिला कमिशनर नेमला तो हाच ब्रॅटन. महापौर काय मानतो हे भाषणांपेक्षा अशा नेमणुकीतून जास्त कळतं. एका हाताने झडत्या कमी केल्या, दुसऱ्या हाताने किरकोळ गुन्ह्यांवरची कडकाई तशीच ठेवली, आणि गार्नर त्या दुसऱ्या हाताखाली सापडला.

त्याच डिसेंबरमध्ये, २० तारखेला, ब्रुकलिनमध्ये गाडीत बसलेल्या दोन पोलिसांना एकाने गोळ्या घालून मारलं. महापौर हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा पोलिसांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, अंत्यविधीलाही शेकडोंनी पाठ फिरवली, कारण महापौराने स्वतःच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसांशी जपून वाग असं शिकवावं लागतं हे जाहीर बोलून दाखवलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. नंतर काही आठवडे किरकोळ अटका आणि पावत्या एकदम तळाला गेल्या, पोलिसांनी जणू हातच आखडते घेतले. शहर कोसळलं का? नाही. २०१७ मध्ये या आठवड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या गुन्ह्यांच्या तक्रारी उलट थोड्या कमी झालेल्या दिसल्या. यावर अजून वाद आहेत, पण ब्रोकन विंडोजचा जो ठाम सूर होता त्याला तडा गेला तो तिथे. मात्र माझ्या मते त्या पाठ फिरवण्याचा परिणाम डी ब्लासिओंवर कायमचा झाला, त्यानंतर ते पोलीस खात्याशी भिडायचं टाळायला लागले, आणि २०२० च्या उन्हाळ्यात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर शहरभर मोर्चे निघाले तेव्हा पोलिसांनी आंदोलकांवर गाडी घातल्याचा व्हिडिओ सगळ्या जगाने पाहिला आणि त्या रात्री महापौरांनी आधी पोलिसांची बाजू घेतली, हे त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांना सहन झालं नाही.

२०२० चे खून मात्र एका वाक्यात कोणाच्या माथी मारू नका. २०१९ मध्ये ३१९, २०२० मध्ये ४६८, २०२१ मध्ये ४८८. अख्ख्या अमेरिकेत त्या वर्षी खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, रिपब्लिकन महापौरांच्या शहरांतही, डेमोक्रॅट महापौरांच्या शहरांतही. कोविड, बंद शाळा, बंदुकांची प्रचंड विक्री, सगळं एकत्र. पण न्यूयॉर्कची वाढ ४७ टक्के म्हणजे देशापेक्षा जास्त, तेव्हा "सगळीकडेच वाढले" म्हणून हात झटकताही येत नाहीत. विरोधक बोट दाखवतात ते बऱ्याच गुन्ह्यांत जामिनाची रक्कम न घेता सोडायच्या नव्या कायद्याकडे, तो जानेवारी २०२० पासून लागू झाला, पण तो केला राज्याच्या विधिमंडळाने ऑल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, महापौराने नाही. आणि खटला भरायचा की नाही हे ठरवतात डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, शहरात ते पाच आहेत, पाचही स्वतंत्र निवडून येतात, महापौराचं ऐकायला बांधील नाहीत.

आता सबवे. ४७२ स्टेशनं, चोवीस तास चालू, कोविडच्या आधी कामाच्या दिवशी ५० लाखांच्या वर प्रवासी. मालकी कोणाची? शहराची. हो, बोगदे, रूळ, स्टेशनं शहराच्याच मालकीचे आहेत. १९५३ मध्ये शहराने ते सगळं एका प्राधिकरणाला भाडेपट्ट्याने चालवायला दिलं आणि १९६८ मध्ये ते प्राधिकरण एमटीए या राज्याच्या वाहतूक संस्थेखाली गेलं. एमटीएचा अध्यक्ष सुचवतो गव्हर्नर (आपल्यासारखा राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा). बोर्डावर सगळ्यात जास्त माणसं गव्हर्नरची, महापौराची चार. तिकीट किती, ट्रेन किती, दुरुस्ती आधी कुठे, हे सगळं तिथे ठरतं. बसही बहुतेक त्यांच्याच. (जर्सी सिटी, जर्नल स्क्वेअर भागात आपली बरीच मंडळी राहतात, ती ज्या पाथ ट्रेनने मॅनहॅटनला जातात ती तर एमटीएचीही नाही, ती पोर्ट अथॉरिटीची, दोन राज्यांची मिळून.) म्हणजे घर आपलं, पण किल्ली भाडेकरूकडे आणि पाणी गळलं की शेजारी येऊन आपल्यालाच बोलणार.

२०१७ चा उन्हाळा आठवतो का, रोज कुठेतरी ट्रेन बंद, रुळावरून गाडी घसरली, एसी बंद असलेल्या डब्यात लोक अडकलेले. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जूनमध्ये आणीबाणी जाहीर केली. जानेवारी २०१८ मध्ये वेळेवर पोचणाऱ्या गाड्या ५८ टक्के होत्या. कारण काय तर १९३० च्या दशकातली सिग्नल यंत्रणा अजून चालू आणि देखभालीचा पैसा वर्षानुवर्षं दुसरीकडे वळवलेला, गव्हर्नर बदलत गेले पण सवय तीच. एमटीएने तातडीची ८३.६ कोटी डॉलरची योजना काढली आणि निम्मे पैसे शहराने द्यावेत असं सांगितलं. डी ब्लासिओ म्हणाले की तुमची संस्था, तुम्ही आमचे पैसे आधी दुसरीकडे घातलेत, ते परत करा. तत्त्वाने त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी उलट श्रीमंतांवर कर लावून सबवेला पैसे द्यायचा प्रस्ताव मांडला, पण तो कर लावायला परवानगी लागते ऑल्बनीची, आणि तिथे कोणी हलेना. असे महिनोनमहिने गेले. शेवटी २०१८ च्या राज्याच्या बजेटमध्ये शहराला ४१.८ कोटी द्यायला भागच पाडलं. या भांडणात दोघांचे अहंकार होते हे सगळं न्यूयॉर्क जाणून होतं, आणि ब्रॉन्क्सहून पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला त्याचं काय देणंघेणं, तिचा पगार ट्रेन उशिरा आली म्हणून कापला जातोय. जानेवारी २०१८ मध्ये सबवे आणि बस चालवणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून अँडी बायफोर्ड आले, त्यांनी सिग्नल आणि वेगमर्यादा एकेक करून तपासल्या, आणि २०१९ मध्ये आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला. यात डी ब्लासिओंचा दोष थोडा आणि श्रेय त्याहून थोडं.

याच काळात लोकांनी त्यांना सगळ्यात जास्त झोडलं ते ते रोज सरकारी गाडीने, मॅनहॅटनहून ब्रुकलिनला, आपल्या जुन्या जिममध्ये जायचे म्हणून. मला यात राग कळतो, पण ट्रेन त्यामुळे उशिरा येत नव्हत्या.

मग ट्रान्झिटमध्ये महापौराच्या हातात असतं काय? रस्ता. आणि रस्ता म्हणजे बसचा जीव. बस एमटीएची असली तरी ती ज्या डांबरावरून धावते ते शहराचं, लेन आखायची, लाल रंग द्यायचा, पार्किंग उठवायचं, हे सगळं महापौराचं वाहतूक खातं करतं. न्यूयॉर्कच्या बसचा सरासरी वेग ताशी ८ मैलांच्या आसपास, म्हणजे सायकलवाला मागे टाकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या १४व्या रस्त्यावरून बाकी गाड्यांची थेट ये-जा बंद करून तो बस आणि ट्रकसाठी ठेवला, त्याआधी रहिवाशांनी कोर्टकचेऱ्या करून महिनोनमहिने अडवून धरलं होतं. पहिल्या दिवसांत बस इतक्या पटापट धावल्या की वेळापत्रकाच्या पुढे जायला लागल्या आणि ड्रायव्हरना मुद्दाम थांबावं लागलं. एवढं सोपं होतं ते. मग माझा राग असा, की असे रस्ते सहाव्या वर्षी का, पहिल्या वर्षी का नाही, आणि मोजकेच का, वीस का नाहीत? इथे ना गव्हर्नर आडवा होता ना विधिमंडळ, इथे फक्त पार्किंग जाईल म्हणून ओरडणारे लोक होते आणि महापौराला त्यांची भीती वाटत होती.

रस्त्यावरच्या मृत्यूंच्या बाबतीत मात्र त्यांनी पहिल्याच वर्षी हात घातला, व्हिजन झिरो, म्हणजे हे मृत्यू शून्यावर आणायची मोहीम. २०१३ मध्ये अपघातांत २९९ लोक गेले होते. वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २५ वर आणली, तीही ऑल्बनीची परवानगी घेऊन, शाळांजवळचे स्पीड कॅमेरे किती लावायचे हेसुद्धा ऑल्बनीच ठरवतं, शहराला स्वतःच्या रस्त्यावर स्वतः कॅमेरा लावता येत नाही. २०१८ मध्ये आकडा दोनशेच्या जवळ आला, नंतर कोविडमध्ये मोकळ्या रस्त्यांवर गाड्या सुसाट सुटल्या आणि २०२१ मध्ये परत २७० च्या वर. तरी मधल्या वर्षांत जे वाचले त्यांची नावं कोणाला कधीच कळणार नाहीत, आणि हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं असं माझं मत आहे.

आणि फेरी. मे २०१७ मध्ये त्यांनी एनवायसी फेरी सुरू केली, ईस्ट रिव्हरमधून बोटी, तिकीट सबवेएवढंच, २.७५ डॉलर. ऑल्बनीला विचारायची गरज नाही, सगळं शहराच्याच एका महामंडळामार्फत, दोरी पूर्ण हातात. लोकांना आवडली, कोणाला आवडणार नाही, उन्हाळ्यात वारा खात कामावर जायचं. पण प्रत्येक प्रवाशामागे शहर खिशातून किती घालत होतं? २०२२ मध्ये शहराचा हिशेब तपासणाऱ्या कंट्रोलरने तपासणी केली तेव्हा एका प्रवाशाच्या एका खेपेमागे १२ डॉलरच्या वर निघाले, ते साल कोविडचं होतं म्हणून जरा जास्त धरा, पण त्याआधीही दहाच्या घरात होतेच. सबवेच्या प्रवाशामागे लागतात त्याच्या कितीतरी पट. आणि बसणारे कोण, तर नदीकाठच्या नव्या महाग इमारतींत राहणारे बरेच. असमानतेविरुद्ध लढणार म्हणून निवडून आलेल्या माणसाने पैसा तिथे घातला, आणि कमी उत्पन्नवाल्यांना अर्ध्या तिकिटात सबवे-बस देणारी फेअर फेअर्स योजना मात्र सुरुवातीला राज्याने पैसे द्यावेत म्हणून ताणून धरली. संघटनांनी आणि नगर परिषदेने मागे लागून लागून ती जानेवारी २०१९ ला सुरू करून घेतली. आधी फेअर फेअर्स आणि मग बोटी असा क्रम असता तर मी त्यांच्याबद्दल आज वेगळं लिहिलं असतं.

पोलीस आणि ट्रान्झिट जिथे एकमेकांत अडकतात ती जागा म्हणजे सबवेचा प्लॅटफॉर्म. स्टेशन राज्याच्या ताब्यात, पण तिथे गस्त घालणारा पोलीस महापौराचा, कारण १९९५ मध्ये जुलियानींनी वेगळे ट्रान्झिट पोलीस एनवायपीडीत विलीन केले. ब्रॅटन यांचं नाव मोठं झालं ते १९९० मध्ये याच ट्रान्झिट पोलिसांचे प्रमुख असताना, फाटकावरून विनातिकीट उड्या मारणाऱ्यांना धरून. म्हणजे भाडं ठरवणार राज्य, ते बुडवणाऱ्याला पकडणार शहर, आणि खटला भरायचा की नाही ते तिसराच ठरवणार. २०१७ मध्ये मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीने विनातिकीट प्रवासाचे बहुतेक खटले चालवणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा पोलीस चिडले. डी ब्लासिओंनंतर आलेले एरिक अ‍ॅडम्स तर स्वतः ट्रान्झिट पोलिसातून वर आलेले, त्यांनी सबवेत पोलीस वाढवले, ओव्हरटाइमचे पैसे राज्याने दिले, २०२४ च्या मार्चमध्ये गव्हर्नर होकल यांनी नॅशनल गार्डचे ७५० जवान स्टेशनांत उभे केले. खून ४८८ वरून २०२४ मध्ये ३७७ वर आले. अ‍ॅडम्स त्याचं श्रेय घेतात. थोडं घ्यावं, पण अख्ख्या देशात त्याच वर्षांत खून खाली आले, आणि २०२० ची वाढ एकट्या डी ब्लासिओंच्या माथी मारायची नसेल तर नंतरची घट एकट्या अ‍ॅडम्सच्या खात्यात कशी टाकायची? त्यांच्याच काळात रस्त्यावरच्या झडत्या परत २०,००० च्या वर गेल्या, ती दोरी मात्र त्यांचीच होती.

आता परत आत्याच्या प्रश्नाकडे. ममदानींची घोषणा होती बस जलद आणि फुकट. हे दोन शब्द एकत्र ऐकू येतात पण ते दोन वेगळ्या ऑफिसांचे आहेत. जलद करणं त्यांच्या हातात आहे, लेन आखा, पार्किंग उठवा, दुकानदारांचा राग झेला, उद्या सकाळी सुरू करता येईल. फुकट करणं एमटीएच्या म्हणजे गव्हर्नरच्या आणि ऑल्बनीच्या हातात, पैसा उभा करायला कर लावायचा तर तोही ऑल्बनीत. २०२३ च्या सप्टेंबरपासून जवळपास वर्षभर पाच मार्गांवर बस फुकट चालवून बघितल्या, तेव्हा ममदानी राज्याच्या विधिमंडळात आमदार होते आणि त्यांनी तो प्रयोग मागे लागून करून घेतला, म्हणजे ही वाट कुठून जाते ते त्यांना माहीत आहे. गर्दीच्या भागात येणाऱ्या गाड्यांना टोल लावायचा ब्लूमबर्ग यांचा प्रस्ताव २००८ मध्ये ऑल्बनीने मतदानालाही न घेता मारला, कायदा व्हायला २०१९ उजाडलं आणि टोल प्रत्यक्ष लागला ५ जानेवारी २०२५ ला. सतरा वर्षं. त्यामुळे बस पहिल्याच वर्षी फुकट झाली नाही म्हणून त्यांना खोटारडे ठरवणारा मेसेज ग्रुपवर आला तर मी आधी विचारणार की लेन किती आखल्या.

पोलिसांच्या बाबतीत तशी सवलत नाही. अ‍ॅडम्स यांनी नेमलेल्या कमिशनर जेसिका टिश यांनाच ममदानींनी कायम ठेवलं, पूर्वी पोलीस खात्यावर कडक टीका केलेल्या माणसाने. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा. उद्या झडत्या वाढल्या किंवा कमी झाल्या, एखादा गार्नर झाला आणि खात्याने चौकशी लांबवली, तर ऑल्बनीकडे बोट दाखवता येणार नाही.

१ जानेवारी २०२६ च्या मध्यरात्री त्यांनी शपथ घेतली ती जुन्या सिटी हॉल सबवे स्टेशनात, कमानी, रंगीत काचा, १९४५ च्या शेवटच्या दिवसापासून प्रवाशांना बंद असलेलं स्टेशन. फोटो बघून आत्याने लगेच विचारलं, "किती सुंदर रे, हे कोणाचं?" मी लिहिलं, मालकी शहराची, ताबा राज्याचा. तिचा पुढचा मेसेज आला, "मग भाडं कोण कोणाला देतं?" आणि आता तो १९५३ चा करार तिला समजावून सांगायला रविवारी फोन करायचाय.